पावसाळी मुंबई, तिघांचा बँड आणि न वाळणारी कव्हरं

आमच्या आतेभावाच्या बँडची नवी रेकॉर्ड जुलैत येणार होती. कार्यक्रमाला तर जायचंच होतं, पण आठवडाभर आधी त्याचा फोन आला, "चार दिवस आधीच ये, हात कमी पडतायत." रजा शिल्लक होती, महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट मिळालं, निघाले.

बँडचं नाव लिहीत नाही. घरचंच कौतुक आणि वर जाहिरात, बरं दिसत नाही. एवढं सांगते की तिघं आहेत. दादा गिटार वाजवतो आणि गातो. वहिनी बेस गिटार वाजवते, दिवसा शाळेत गणित शिकवते. तिसरा ड्रमर, तो कल्याणहून येतो आणि आठवडाभर बँकेत कर्जाच्या फायली बघतो. कॉलेजात असताना जमलेलं हे त्रिकूट, आता दोघांचे केस पांढरे आणि तिसऱ्याचे गेलेले. संगीत म्हणाल तर गॅरेज रॉक. तीन-चार कॉर्ड, फाटलेला आवाज, अडीच मिनिटांत गाणं खलास. शब्द मराठी.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या उपनगरांतली पोरं वडलांची गाडी बाहेर काढून त्या जागेत वाजवायची, तिथून हा प्रकार निघाला. गिरगावात कुणाकडे गाडी आणि कुठलं गॅरेज! यांनी सुरुवात केली ती ठाकूरद्वारच्या एका टायपिंग क्लासमध्ये, क्लास सुटल्यावर, खिडक्यांना गोधड्या टांगून. मालक बहिरट होते म्हणून जमलं, असं वहिनी सांगते. दादा म्हणतो ते बहिरट नव्हते, भले होते.

गुरुवार

सकाळी सीएसएमटीला उतरले तर धुवांधार पाऊस. टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सबवेतून पलीकडे निघून धोबी तलावापर्यंत चालत गेले. 'कयानी'त ब्रून मस्का आणि चहा. १९०४ चं इराणी हॉटेल आहे हे. ब्रून चहात बुडवून न खाणाऱ्यांकडे तिथे जरा संशयाने बघतात. मावा केक बांधून घेतला, वहिनीसाठी.

दादा तिथेच आला, हातात छत्री आणि खिशात यादी. याच जेर महल इमारतीत 'फुर्टाडोज' आहे, १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान. तारांचे सेट घ्यायचे होते. मुंबईच्या पावसाळ्यात गिटारच्या तारा दोन आठवड्यांत खरखरीत होतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा खर्च दुप्पट. दुकानातला माणूस दादाला बघून न विचारताच जाड तारांचं पाकीट काढून ठेवतो, इतकी वर्षं झाली.

तिथून रंगभवन पाच मिनिटांवर. आता बाहेरून बघण्यासारखं फारसं काही नाही, पण १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' या रॉक महोत्सवाची इथे काय गर्दी व्हायची ते दादाकडून ऐकावं. उघडं प्रेक्षागृह, ऑगस्टचा पाऊस, काळे टी-शर्ट, आणि भिंतीवर चढून फुकट ऐकणारी पोरं. त्या पोरांत हेही होते. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. शाळा, कॉलेजं, इस्पितळं, कोर्टं यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, आजूबाजूला मोठी सरकारी इस्पितळं. संपलंच. मी म्हटलं, इस्पितळातल्या पेशंटच्या बाजूनेही बघायला हवं. दादा म्हणाला, "बघतो ना. म्हणून तर तेव्हापासून आम्ही बंद खोलीत वाजवतो."

घरी पोचले आणि "हात कमी पडतायत" याचा अर्थ कळला. दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळ्या बांधलेल्या, आणि त्यांवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी रेकॉर्डची कव्हरं लटकवलेली. शेंदरी आणि काळा, दोनच रंग. छापणारा गिरगावातला लग्नपत्रिकावाला. सगळं स्क्रीनप्रिंटिंग हाताने. त्याने आधीच बजावलं होतं की पावसाळ्यात शाई वाळत नाही, दिवाळीनंतर या. यांची तारीख ठरलेली. त्यामुळे आता घरातले दोन्ही पंखे पाचवर, आणि आपण वाकून, कव्हरांखालून, स्वयंपाकघरात जायचं. शेंदरी रंग बोटाला लागतोय का ते कोपऱ्यावर हळूच टेकवून बघायचं. लागला तर आणखी चार तास. घरभर शाईचा आणि रॉकेलसारख्या कसल्यातरी थिनरचा वास.

चित्र आहे काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं. टपावर अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, बांधलेला, खिडकीतून गिटारची मान बाहेर. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, त्यानंतर हे चित्र ठरलं. मी विचारलं, इतक्या वर्षांत चौथा माणूस का नाही घेतला? कीबोर्ड, दुसरी गिटार, काहीतरी. वहिनी कव्हर उलटं करत म्हणाली, "पद्मिनीत मागे दोघं आणि मधे बेस, पुढे एक जण मांडीवर स्नेअर ड्रम घेऊन. अँप टपावर. चौथ्याला कुठे बसवणार होतो?" मला ही गंमत वाटली. पुढच्या दिवसांत कळलं की गंमत नाही, हिशेब आहे. भाडं, खोलीचे पैसे, मानधन, सगळं तिघांत वाटलं गेलं म्हणून हा बँड टिकला. यांच्याबरोबरचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे बँड केव्हाच फुटले.

रात्री सुकटीची चटणी, भाकरी, आमसुलाचं सार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे या दिवसांत मुंबईत कुणी 'ताजा फडफडीत' म्हणून पापलेट पुढे केलं तर ते बर्फातलं समजावं. सुकी मासळी मात्र याच दिवसांत खरी लागते. कोल्हापूरकर म्हणून मटणाच्या बाजूने मत देणारी मी, पण त्या चटणीपुढे गप्प बसले.

शुक्रवार

सकाळी 'विनय'मध्ये मिसळ. मुंबईची मिसळ गोडसर असते वगैरे कोल्हापुरी भाषण मी मनातल्या मनात केलं आणि दुसरा पाव मागवला.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण टॅक्सीवाले सोडा, तिथले दुकानदारही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. दादाचा अँप गुणगुणत होता. तो जुना, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा. गिटार लावली नसली तरी हूऽऽ असा एकसुरी आवाज सतत. रविवारी कार्यक्रम आणि शुक्रवारी हे.

दुरुस्ती करणारे काका एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसतात. लोखंडी शिडी, वर ताठ उभं राहता येत नाही. त्यांनी अँप पालथा घातला, मागची फळी काढली आणि प्लग काढलेला असतानाही सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले. व्हॉल्व्हच्या अँपमधले मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात, बंद केल्यावरही जबर झटका बसू शकतो. एका तारेने, मधे रेझिस्टर लावून, त्यांनी ती वीज आधी उतरवली. मग चालू करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक व्हॉल्व्हवर टिचकी मारत गेले. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यावर टिचकी मारली आणि स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखा 'टण्ण' आला. "हा म्हातारा झाला," काका म्हणाले. "पण गुणगुण याची नाही. याला बोलायची सवय लागलीय, तो भाग वेगळा." गुणगुण फिल्टरच्या कपॅसिटरची निघाली. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो, मग विजेची लहर नीट गाळली जात नाही आणि ती स्पीकरमधून ऐकू येते. दोन कपॅसिटर बदलले, सोल्डरिंग केलं. व्हॉल्व्ह मात्र दादाने बदलू दिला नाही.

"का?"

"तो टण्ण रेकॉर्डमध्ये आहे. चौथ्या गाण्यात."

काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि पैसे कपॅसिटरचेच घेतले.

ज्यांना लॅमिंग्टन रोडला जायचंय त्यांच्यासाठी: रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला कारागीर जेवायला गेलेले असतात. वस्तू सोबत न्या, फोनवर वर्णन करून कुणी भाव सांगत नाही. आणि सुटे भाग घेताना जुना भाग हातात धरूनच घ्या.

संध्याकाळी तालीम, अंधेरीला. मुंबईत सरावाच्या खोल्या तासावर मिळतात. जॅमपॅड म्हणतात. ड्रमचा मोठा सेट तिथलाच असतो, ड्रमर फक्त स्नेअर, पेडल आणि झांजा घेऊन येतो. दादा अँप घेऊन मालडब्यात चढला. मी आणि वहिनी बायकांच्या डब्यात, पाठीवर बेस. चर्नी रोडहून स्लो गाडी, गर्दी अंगावर येईल इतकी. वहिनीने बेस दाराजवळच्या कोपऱ्यात उभा केला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. हे तिचं रोजचं असावं. दादरला चढलेल्या एका मावशींनी विचारलं, "सतार का हो?" वहिनी म्हणाली, "गिटार. चार तारांची." मावशी विचार करून म्हणाल्या, "दोन तारा कमी, म्हणजे सोपं असेल." वहिनी इतकी हसली की शेजारची मेथी निवडणारी मुलगीही हसायला लागली. मग मावशींनी सांगितलं की त्या वीस वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवतात, आणि ताल धरणाऱ्यालाच खरं काम असतं, गाणारा काय, कुठेही भरकटतो. यावर वहिनीने त्यांना हात जोडले. विलेपार्ल्याला त्या उतरेपर्यंत दोघींचं गाणाऱ्यांविषयी एकमत झालेलं होतं.

तालमीबद्दल थोडंच लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला ती कंटाळवाणीच. एकच गाणं सतरा वेळा. पण एक गोष्ट दिसली. तिघं एकमेकांकडे बघत नाहीत. दादा डोळे मिटून, ड्रमर छताकडे, वहिनी दादाच्या उजव्या पावलाकडे. तो पाय थांबला की सगळे थांबतात.

शनिवार

पहाटेपासून मुसळधार. दादा-वहिनीला कामं होती, मला मोकळीक. मी छत्री घेऊन एकटीच फोर्टात.

सर पी. एम. रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग आहे. तिथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन इथे येऊन एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करून गेला. सोबत आपले वादक, संतूरवर शिवकुमार शर्मा. स्टुडिओत तेव्हा साधं मोनो यंत्र होतं म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांचे पाय आत ऐकू येत, असं हॅरिसनने पुढे सांगितलंय. मी इमारतीसमोर उभी राहून हे सगळं आठवत होते आणि शनिवार असल्याने जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. रखवालदाराने दोनदा विचारलं, कुणाकडे जायचंय. "कुणाकडे नाही, बघतेय" हे उत्तर मुंबईत चालत नाही. सरकले.

ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण दादाची रेकॉर्डही तशीच झालीय. एका खोलीत तिघं एकदम वाजवतायत, माइक मोजकेच, ड्रमचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरलेला, एका ठिकाणी बाहेर पत्र्यावर पडणारा पाऊसही. साउंड इंजिनिअरने तो काढून टाकू का विचारलं. वहिनी म्हणाली, पाऊस फुकट वाजवतोय, राहू दे.

दादाचं दैवत अमेरिकेतल्या पोर्टलंडचा 'डेड मून' हा बँड. तेही तिघंच: फ्रेड कोल, त्याची बायको टूडी बेसवर, आणि ड्रमवर अँड्र्यू लूमिस. १९८७ साली सुरू केलं तेव्हा फ्रेड चाळिशीला टेकलेला होता. रेकॉर्डच्या मूळ तबकड्या तो घरच्या जुन्या लेथवर स्वतः कोरायचा, मोनोमध्ये. कार्यक्रमात ड्रमवर दारूच्या बाटलीत खोचलेली मेणबत्ती पेटलेली असायची. लूमिस २०१६ ला गेला, फ्रेड २०१७ ला. जर्मनीहून आलेल्या एका मित्राने कॅसेट दिली तेव्हापासून दादाच्या घरात या तिघांचा उल्लेख नातेवाइकांसारखा होतो. वहिनीला 'आमची टूडी' म्हटलं की ती चिडते. तिचं म्हणणं, टूडीला दहावीचे पेपर तपासावे लागत नव्हते.

काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसचं दार बंद. २०१६ मध्ये मिटलं ते. कॉलेजच्या सुट्टीत दादा मला इथे आणायचा, कॅसेट विकत घ्यायची ऐपत एकीची, ऐकायच्या दहा. समोरच्या बाजूला पूर्वी वेसाइड इन होतं, जिथल्या खिडकीशी बसून अरुण कोलटकर रस्ता बघायचे. आमच्या कोल्हापूरचे. हे कवी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते पखवाज शिकले होते आणि सत्तरीच्या दशकात त्यांनी स्वतःच्या इंग्रजी गाण्यांची डेमो टेपही केली होती, हे फार थोड्यांना. त्यांना गायक व्हायचं होतं म्हणे. गंमत म्हणजे त्याच काळात, १९७२ मध्ये, लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत रात्री वाजवलं. तेव्हा तिथे हजर असलेल्या लोकांची संख्या दर वर्षी वाढत जाते, असं दादा म्हणतो.

दुपारी पाऊस ओसरला तसं किंग्ज सर्कल. षण्मुखानंद सभागृह मला बाहेरून का होईना बघायचं होतं. आत्ताचं सभागृह १९९० च्या आगीनंतर नव्याने उभं राहिलेलं. शास्त्रीय संगीताचं हे माहेरघर, पण साठीच्या अखेरीस आणि सत्तरीच्या सुरुवातीला इथे सिमला बीट स्पर्धा व्हायची. सिगारेट कंपनीने भरवलेली, देशभरातल्या हौशी बीट ग्रुपांची. शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स असे बँड. कंपनीने १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या दोन एलपी काढल्या. भारतातलं गॅरेज रॉक ऐकायचं तर सुरुवात तिथून. आवाज खरखरीत, गायकांचे इंग्रजी उच्चार आपापल्या गावचे, पण जोर असा की ऐकत राहावं. मूळ प्रती आता परदेशातले संग्राहक शोधत फिरतात, नंतर त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या.

जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्यांना फुकटचा सल्ला: पावसाळ्यात फोर्टच्या फुटपाथवर किंवा चोर बाजारात घेताना तबकडी उजेडाकडे तिरकी धरून बघा. ओरखडा दिसतो, पण पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. ती वरवर पुसून जात नाही, खाचेत शिरलेली असते. कव्हराचा वास घ्या, कुबट आला तर सोडून द्या. निवांत बसून, ऐकून घ्यायचं असेल तर माहीमला 'रिव्हॉल्व्हर क्लब' आहे. भाव अर्थातच फुटपाथचे नाहीत.

आणखी एक, पावसाळ्यात मुंबईत फिरायचं तर पालिका देते त्या समुद्राच्या भरतीच्या वेळा सकाळीच बघून ठेवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोरदार पाऊस, म्हणजे हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे धरून चाला की तुंबणार.

घरी आले तर कव्हरं वाळली होती. जवळजवळ. रात्री अकरापर्यंत तबकड्या कव्हरात भरत बसलो. ड्रमरही आला होता. तो नोटा मोजायच्या सवयीने भराभर हात चालवतो, अंगठ्याला थुंकी लावायला गेला की वहिनी ओरडते. गाण्यांच्या शब्दांचा कागद प्रत्येकात घालायचा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पुनर्विकासावर आहे, त्यांच्या चाळीला आलेल्या बिल्डरवर. ध्रुवपद एवढंच: "सही कर, सही कर, सही कर काका!" चाळीतल्या ज्या काकांनी शेवटपर्यंत सही केली नाही त्यांना पहिली प्रत नेऊन दिली. त्यांच्याकडे वाजवायला यंत्र नाही. टीव्हीवर गणपतीशेजारी उभी करून ठेवली.

रविवार

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर राहणाऱ्याला बरोबर घेऊन कुठलाही कार्यक्रम ठरवायचा तर आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रक बघणं आलंच. ड्रमर सकाळी नऊलाच कल्याणहून निघाला आणि करी रोडला उतरून चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसला. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. यांचे कार्यक्रम हल्ली लवकरच असतात. ऐकणारेही पन्नाशीचे, त्यांनाही डोंबिवली-बदलापूर गाठायचं असतं.

जागा लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. उंच छपराची शेड, बाहेर धुराड्याचा उरलेला बुंधा. दादाची तयारी होती की ड्रमवर मेणबत्ती लावायची, डेड मूनसारखी. तिथल्या मॅनेजर मुलीने शांतपणे सांगितलं, उघडी ज्योत अजिबात नाही. याच भागात २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली. दादाने पुढे शब्दही काढला नाही. वहिनीने पर्समधून बॅटरीवर चालणारी दिवाळीची पणती काढली. लुकलुकणारी, प्लास्टिकची. तिला आधीच माहीत होतं बहुतेक. बाटलीच्या तोंडावर ती चिकटपट्टीने बसवली. दिसत होती हास्यास्पदच, पण दिवे मंद झाल्यावर मागच्या रांगेतून कुणाला कळणार होतं?

आधी कॉलेजातल्या पोरांचा एक बँड वाजला. पाच जण, एक लॅपटॉप, केबलींचं जाळं. चांगलं वाजवत होते, पण आवाज लावून घेण्यातच पाऊण तास गेला. यांचं लागायला दहा मिनिटं. तीन माइक, तीन माणसं.

आणि मग वाजायला लागलं. मी या बँडला लहानपणापासून ऐकतेय, त्यामुळे माझं मत धरू नका. पण दुसऱ्याच गाण्यात दादाची तार तुटली. दुसरी गिटार नाही, भरून काढायला दुसरा वादक नाही. मी श्वास धरला. वहिनीने ड्रमरकडे नुसतं बघितलं, तालमीत कधी न बघणारी ती, आणि दोघांनी तोच चार सुरांचा तुकडा धरून ठेवला. फिरवत राहिले. दादा खाली बसून, दातात पक्कड धरून, नवी तार ओवतोय. लोक टाळ्या धरू लागले. मिनिटभराने लोकांनी "सही कर" ओरडायला सुरुवात केली, त्या गाण्याची पाळी अजून आलेलीही नव्हती. तार लागली, सुरात आली न आली, दादा उभा राहिला आणि जिथे सोडलं होतं त्याच शब्दावर शिरला. संपूर्ण संध्याकाळचं सगळ्यात चांगलं गाणं तेच झालं, रेकॉर्डमधल्यापेक्षा दुप्पट लांब.

चाळीतल्या एक आजी पुढच्या खुर्चीत होत्या, कानात कापूस घालून. कापसाने काही होत नाही. केमिस्टकडे फोमचे बोळे मिळतात, चिमटीत दाबून कानात घालायचे आणि फुगू द्यायचे. छोट्या बंद जागेत असलं संगीत ऐकायला जाणार असाल तर ते न्याच. मी नेले होते, त्यातले दोन त्या आजींना दिले. त्यांनी ते बघून परत पिशवीत टाकले आणि कापूसच ठेवला.

कार्यक्रमानंतर त्या पोरांमधला गिटारवाला दादाकडे आला. गिटारचा आवाज बदलायला कुठलं पेडल वापरता, ते विचारायला. पेडल नाहीच, सगळा आवाज अँपचा, हे त्याला पटेना. त्याने अँपच्या मागे वाकून बघितलं. दादाने टिचकी मारून 'टण्ण' ऐकवला. पोराने फोनवर तो रेकॉर्ड करून घेतला.

ड्रमर शेवटच्या कर्जतची वेळ आली नसतानाही घड्याळ बघत होता. सोमवारी बँक.

सोमवार

सकाळी वहिनीने शाळेच्या वहीत हिशेब मांडला. पत्रिकावाला, प्रेसिंगचे उरलेले पैसे, टॅक्सी, काकांचे कपॅसिटर. विकल्या गेलेल्या रेकॉर्डी एका बाजूला. तोटा नव्हता, नफ्याला तीनने भागून जे आलं त्यावर ड्रमरने फोनवरूनच सांगितलं की माझे पुढच्या तालमीच्या खोलीला लावा. पंचवीस-तीस वर्षं हाच निरोप येतो म्हणे.

मग 'पणशीकरां'कडे साबुदाणा वडा आणि पियुष, ठाकूरद्वारला वाकडी वाट करून. संध्याकाळी महालक्ष्मीला परतीचं तिकीट. कोल्हापूरला विकायला म्हणून रेकॉर्डींचा एक खोका माझ्या सामानात, वहिनीने दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलेला. तबकड्या नेताना आडव्या एकावर एक रचू नका, उभ्याच ठेवा, नाहीतर वाकतात. गाडीत खिडकीकडच्या बाजूला, उन्हात, तर अजिबात नको. या दिवसांत ऊन कुठलं म्हणा.

दादाने निघताना विचारलं होतं, कोल्हापुरात वाजवता येईल का. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या आगीत जळालं, तेव्हापासून आमच्याकडे जागेची अडचणच आहे. आल्यावर मी दोन लग्नाच्या हॉलवर चौकशी केली. पहिल्याने नाही म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, "भजन का ऑर्केस्ट्रा?" ऑर्केस्ट्रा म्हटलं. "किती माणसं?" तीन म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग दिवाळीनंतरच्या दोन तारखा वहीत पेन्सिलीने लिहून घेतल्या. जनरेटरचे वेगळे पडतील म्हणाला.